माझं रिव्हॉल्व्हर आणि शेजारची किल्ली

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सभासदांनी आपापले अनुभव सांगण्याचा कार्यक्रम सभागृहात झाला. त्यातील हे एक भाषण, वक्त्यांनीच स्मरणिकेसाठी लिहून दिलेले.)



माझ्याआधी जे बोलले त्यांनी नर्मदा परिक्रमा सांगितली, गच्चीवरची भाजी सांगितली, एकाने तर पाण्याच्या टँकरचा पंचवीस वर्षांचा इतिहास सांगितला. माझ्या वाट्याला आलंय रिव्हॉल्व्हर. आपल्या सोसायटीतलं सगळ्यांत मोठं शस्त्र म्हणजे रात्रपाळीच्या वॉचमनची काठी, आणि तीही तो कुत्र्यांना नुसती दाखवतो. अशा ठिकाणी हा विषय कुठून आला, ते आधी सांगतो.

दिवाळीआधी मी माळा आवरत होतो. जुन्या फोटोंचा एक डबा खाली आला. ए विंगमधला एक छोटा मित्र कॅरम मागायला आला होता, त्याच्या हातात नेमका एक फोटो पडला. कानांवर मोठाले इअरमफ, डोळ्यांना पिवळा चष्मा आणि दोन्ही हातांत रिव्हॉल्व्हर धरलेला मी. "काका, हे खरं पिस्तूल आहे?" मी म्हटलं, "पिस्तूल नाही, रिव्हॉल्व्हर. पण खरं." दुसऱ्या दिवशी सगळ्या बिल्डिंगला कळलं होतं की तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे बंदूक आहे. सेक्रेटरी स्वतः चौकशीला आले! म्हणून आधीच सांगून टाकतो: माझ्याकडे काहीही नाही. होतं, अमेरिकेत. दहा वर्षं होतं. ते तिथेच राहिलं.

तुमच्यापैकी काहींना ठाऊक आहे, मी मूळचा टूलरूमचा माणूस. भोसरीला एका कारखान्यात जिग-फिक्स्चर करत माझी पहिली अकरा वर्षं गेली. १९९४ साली नोकरीनिमित्त अमेरिकेत गेलो. यूटा नावाचं राज्य, सॉल्ट लेक सिटी हे शहर. डोंगरांनी वेढलेलं, हिवाळ्यात धुक्याचं आणि धुराचं झाकण डोक्यावर बसतं असं. २००० साली इथे फ्लॅट बुक केला तो तिथूनच, आणि परत यायला मात्र २०१८ उजाडलं.

तिकडे शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहायचे. आयुष्यभर लेथ आणि मिलिंगवर काम करून निवृत्त झालेले. माझ्या हातातला मायक्रोमीटर त्यांनी गॅरेजच्या उघड्या दारातून पाहिला आणि आमची ओळख झाली. आमची मुलगी त्यांना 'आजोबा' म्हणायची. तो शब्द त्यांना इतका आवडला की आम्हीही तोच धरला. आजही मी त्यांना आजोबाच म्हणणार आहे.

आजोबा दर रविवारी नेमबाजीच्या मैदानावर जायचे. एकदा म्हणाले, "चल, तुला एक मशीन दाखवतो." 'बंदूक दाखवतो' म्हणाले असते तर मी गेलो नसतो. आमची ही तर मला जाऊच देती ना. पण मशीन म्हटल्यावर मी गेलो.

त्यांच्याकडे होतं ते जुन्या कोल्टच्या धर्तीचं सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर. आता हे सिंगल-ॲक्शन म्हणजे काय? सिनेमात पोलीस चाप ओढत राहतो आणि गोळ्या सुटत राहतात. तिथे चाप दोन कामं करतो: मागचा घोडा उचलतो आणि सोडतोही. ते झालं डबल-ॲक्शन. सिंगल-ॲक्शनमध्ये चापाला एकच काम, घोडा सोडणं. तो उचलायचा तुम्ही, अंगठ्याने, प्रत्येक गोळीला नव्याने. अंगठ्याने घोडा मागे ओढला की आतलं सिलिंडर एक घर पुढे सरकतं आणि पुढचं काडतूस नळीसमोर येतं. मग चाप. मग पुन्हा अंगठा. घाई करून चालत नाही.

काडतुसं भरायचीही तीच तऱ्हा. उजव्या बाजूला एक छोटं झाकण असतं. ते उघडायचं, सिलिंडर बोटाने एकेक घर फिरवायचं, एकेक काडतूस आत सोडायचं. रिकामी पुंगळी काढतानाही नळीखालची दांडी दाबून एकेक बाहेर ढकलायची. आजोबांनी घोडा हळूहळू ओढून दाखवला. टक, टक, टक, टक. जुन्या कोल्टमध्ये असे चार आवाज येतात, आणि तिकडचे शौकीन म्हणतात की ती कोल्टची चार इंग्रजी अक्षरं आहेत.

सॅम्युअल कोल्ट या माणसाने फिरत्या सिलिंडरचं अमेरिकन पेटंट घेतलं १८३६ मध्ये. आपण वेस्टर्न सिनेमांत पाहतो ते रिव्हॉल्व्हर मात्र १८७३ चं, कोल्ट स्वतः वारल्यानंतर अकरा वर्षांनी आलेलं. अमेरिकन सैन्याने ते घेतलं आणि पुढे ते काउबॉयच्या कमरेला कायमचं चिकटलं. त्यात एक मोठा दोष होता. घोडा खाली असला की त्याचं टोक थेट काडतुसाच्या टोपीवर टेकायचं. रिव्हॉल्व्हर घोड्यावर आपटून पडलं तर गोळी सुटायची. म्हणून शहाणी माणसं सहा घरांत पाचच काडतुसं भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवायची. वायट अर्प हा त्या काळचा नावाजलेला पोलीस. १८७६ च्या जानेवारीत कॅन्ससमधल्या विचिटा गावी तो एका गुत्त्याच्या मागच्या खोलीत खुर्चीवर बसला होता. रिव्हॉल्व्हर कमरेच्या म्यानातून निसटून पडलं, गोळी सुटली, त्याच्या कोटातून आरपार गेली आणि छतातून बाहेर पडली. ज्याच्यावर पुढे सिनेमे निघाले त्याची ही गत, तर आपण कोण?

हा दोष मुळातून काढणारी रचना रूगर या कंपनीने आपल्या सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये आणली १९७३ साली. म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी. घोडा आणि आतली पिन यांच्यामध्ये पोलादाची एक छोटी पट्टी बसवली. चाप ओढलेला असेल तरच ती वर येते आणि घोड्याचा ठोका पिनेपर्यंत पोचवते. चाप सोडला की पट्टी खाली जाते आणि मग घोडा कितीही आपटला तरी पिनेला लागतच नाही. ट्रान्सफर बार म्हणतात तिला. एवढीशी पट्टी, पण मला त्यातली बुद्धी फार आवडली. मनात नसताना काही घडू नये, एवढंच तिचं काम.

आता घेण्याविषयी. अमेरिकेत कोणीही उठतो आणि बंदूक घेऊन येतो, असा आपला समज असतो. तो पूर्ण खरा नाही आणि पूर्ण खोटाही नाही. तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या माणसाला, काही अपवाद सोडले तर, बंदूक बाळगता येत नाही. ग्रीन कार्ड मिळालं की येते. दुकानातून रिव्हॉल्व्हर घ्यायला वय एकवीस लागतं. एक फॉर्म भरायचा, त्यात गुन्हे, व्यसन वगैरे प्रश्न. दुकानदार लगेच सरकारी यंत्रणेकडून नावाची तपासणी करून घेतो. बहुतेकांचं काम काही मिनिटांत होतं. माझंही झालं. भोसरीच्या घरी टेलिफोन यायला किती वर्षं थांबलो होतो ते आठवलं आणि मला हसू आलं. आज तितकं येत नाही. का, ते पुढे सांगतो.

आमच्या हिचा विरोध होताच. "घरात मुलगी आहे, हे नको." मी थांबलो. मुलगी कॉलेजला दुसऱ्या गावी गेली, त्यानंतरच २००८ मध्ये मी रिव्हॉल्व्हर घेतलं. हिने अट घातली: लोखंडी कपाट आधी, रिव्हॉल्व्हर नंतर. तसंच केलं. कपाट गॅरेजच्या भिंतीत बोल्टने बसवलं, मग रिव्हॉल्व्हर आलं.

ते होतं फ्रीडम आर्म्स या कंपनीचं मॉडेल ९७. वायोमिंग राज्यात, आयडाहोच्या अगदी सीमेवर फ्रीडम नावाचं खेडं आहे, तिथली ही कंपनी. आमच्या घरापासून मोटारीने चारेक तासांवर. वाटेत ॲफ्टन गाव लागतं, तिथे मुख्य रस्त्यावर हरणांच्या हजारो शिंगांची कमान उभी केलेली आहे. मी आणि ही मुद्दाम ते खेडं पाहायला गेलो होतो. कुरणं, गाई, मागे डोंगर. आपल्याकडे एखाद्या आडगावी एखादाच कारागीर असतो आणि त्याच्या कामासाठी लोक लांबून येतात, तसं वाटलं.

या रिव्हॉल्व्हरचं एवढं कौतुक का, ते टूलरूमवाल्याच्या भाषेत सांगतो. रिव्हॉल्व्हरमध्ये नळी एक आणि घरं पाच किंवा सहा. प्रत्येक घर नळीच्या बरोबर समोर येऊन थांबलं पाहिजे. साधारणपणे सिलिंडर एका मशीनवर होतं, चौकट दुसऱ्या मशीनवर, नळी तिसरीकडे. प्रत्येकाचा आपापला टॉलरन्स. तिन्ही एकत्र आले की चुकांची बेरीज होते. एखादं घर केसभर डावीकडे, एखादं केसभर वर. मग गोळी नळीत शिरताना कडेला घासते. फ्रीडमवाले काय करतात? सिलिंडर आधी चौकटीत बसवतात आणि मग घरं नळीच्या रेषेत बोअर करतात. लाइन-बोअरिंग. म्हणजे ते सिलिंडर त्याच चौकटीचं, दुसऱ्या कुठल्या नाही. जोडीने वाढवलेल्या बैलांसारखं. घरी आणल्यावर मी पहिलं काम केलं ते फीलर गेज घेऊन सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट मोजली. दोन थाऊ. इंचाचे दोन हजारांश. आपला केस याहून जाड असतो. त्या रात्री मी हिला तीनदा बोलावून ती फट दाखवली. ती म्हणाली, "लग्नात मला तरी एवढं निरखून पाहिलं होतंत का?"

किंमत दोन हजार डॉलरच्या आसपास. तेवढ्या पैशांत साधी तीन आली असती. पण मला तीन नको होती.

जातीचं म्हणाल तर पॉइंट फॉर्टीफोर स्पेशल. हे काडतूस १९०७ सालचं. गोळी सोळाएक ग्रॅमची, जड, पण वेग बेताचा, सेकंदाला सव्वादोनशे-अडीचशे मीटर. याच्याच पोटातून पुढे १९५५ मध्ये फॉर्टीफोर मॅग्नम आलं. पुंगळी थोडी लांब, दारू जास्त, वेग जवळजवळ दुप्पट. क्लिंट ईस्टवुडच्या 'डर्टी हॅरी' सिनेमाने त्या मॅग्नमला जगभर नाव दिलं आणि गल्लोगल्लीचे हौशी ते घेऊ लागले. मैदानावर मी खूप पाहिले. दोन-चार गोळ्या झाडतात, मनगट चोळतात आणि कपाटात ठेवून देतात. आजोबा म्हणायचे, जे रोज वापरता येत नाही ते आपलं नव्हे. स्पेशलचा धक्का असा की हात वर उचलला जातो, पण झटका बसत नाही. पंचवीस यार्डांवर, हात टेकवून, पाचही गोळ्या जुन्या मोठ्या रुपयाएवढ्या जागेत जायच्या. माझ्या हातून क्वचित, आजोबांच्या हातून नेहमी. आणि गंमत म्हणजे आमच्या हिच्या हातून! दोन वर्षं नाकं मुरडून एके रविवारी ती आली, आजोबांनी तिला हलकी काडतुसं भरून दिली, आणि पहिल्याच दिवशी तिचा कागद माझ्याहून चांगला आला. तिचं कारण आजोबांनी सांगितलं: "तिला काही सिद्ध करायचं नाहीये."

माझी अडचण वेगळी होती. चाप ओढायच्या आत माझा हात आवाजाच्या भीतीने खाली दबायचा. मला ते कबूल नव्हतं. आजोबांनी मला पाठ फिरवायला लावली, सिलिंडरमध्ये दोन खरी आणि तीन खोटी काडतुसं भरली आणि रिव्हॉल्व्हर हातात दिलं. खोट्यावर घोडा पडला, आवाज झालाच नाही, आणि नळी मात्र सपकन खाली गेली. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. असत्य बोलायला जागाच नाही. पुढचे सहा महिने मी तेवढंच शिकत होतो: अंगठ्याने घोडा ओढायचा, श्वास अर्धा सोडायचा, पुढची माशी स्पष्ट बघायची आणि चाप इतका सावकाश दाबायचा की गोळी कधी सुटली याचं आपल्यालाच नवल वाटावं. मन कुठे दुसरीकडे असेल तर कागद लगेच चहाडी करतो.

काडतुसंही आम्ही घरी भरायचो. पितळेची पुंगळी पुन्हा वापरता येते. जुनी टोपी काढायची, नवी बसवायची, दारू काट्यावर तोलून घालायची, वर शिशाची गोळी. एका पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तर रिव्हॉल्व्हर हातात फुटू शकतं, म्हणून पन्नास पुंगळ्या एका लाकडी ठोकळ्यात उभ्या करून, दिवा धरून, प्रत्येकीत डोकावून पाहायचं आणि मगच गोळी बसवायची. रेडिओ बंद, फोन बंद. मोदकाला पाकळ्या पाडताना ही मला स्वयंपाकघरात बोलू द्यायची नाही, तोच नियम.

नियमांवरून सांगतो. जेफ कूपर नावाचा अमेरिकन प्रशिक्षक होता, त्याने चार नियम लोकप्रिय केले. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. जे नष्ट करायचं नाही त्याच्याकडे नळी कधीही करू नका. नेम धरेपर्यंत बोट चापावर नेऊ नका. आणि नेमक्या कशावर गोळी झाडता आहात व त्याच्या मागे काय आहे ते ओळखा. चारही मला तोंडपाठ होते. तरी २०११ मध्ये माझ्या हातून एक चूक झाली. मैदानावर दिवस संपला, मी पुंगळ्या काढल्या आणि रिव्हॉल्व्हर पेटीत ठेवायला निघालो. आजोबांनी हात पुढे केला. झाकण उघडून सिलिंडर एकेक घर फिरवलं. तिसऱ्या घरात एक न झाडलेलं काडतूस होतं. मी चार मोजली होती आणि पाच समजलो होतो. त्या दिवशी ऑफिसातला एक वाद डोक्यात घोळत होता.

आजोबा रागावले नाहीत. काडतूस माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "आज तुझं चित्त इथे नाही. ज्या दिवशी चित्त नाही, त्या दिवशी हात लावायचा नाही. हा पाचवा नियम, आणि हा माझा."

मंडळी, इथपर्यंतचं सगळं मी कुणालाही सांगू शकलो असतो. पुढचं आजवर फक्त मुलीला सांगितलंय. सांगू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. पण रौप्यमहोत्सव आहे, घरचीच माणसं आहात.

२०१३ च्या जानेवारीत आमची ही गेली. दीड वर्ष आजार चालला होता. मुलगी दोन आठवडे राहिली आणि तिच्या नोकरीवर परत गेली. मीच जा म्हटलं. भारतातून रोज फोन यायचे, मी सगळ्यांना 'ठीक आहे' सांगायचो. ठीक काही नव्हतं. बाहेर ते धुक्याचं झाकण, आत ते मोठं घर. जेवण नाही, झोप नाही. आणि फेब्रुवारीत एका रात्री दोनच्या सुमारास मी गॅरेजमध्ये त्या लोखंडी कपाटासमोर उभा होतो. किल्ली हातात होती. का उभा होतो, ते मी सांगत बसत नाही. तुम्ही समजून घ्याल.

किती वेळ उभा होतो, माहीत नाही. डोक्यात थोर विचार वगैरे काही आला नाही. पाचवा नियम आला. ज्या दिवशी चित्त नाही, त्या दिवशी हात लावायचा नाही. सवयीने आला, जसं जेवणाआधी हात धुणं आठवतं तसं. मी अंगावर कोट चढवला आणि शेजारी गेलो. बेल वाजवली. आजोबा झोपेतून उठून आले. मी किल्ली पुढे केली आणि म्हटलं, "ही तुमच्याकडे ठेवा."

त्यांनी किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "का" विचारलं नाही. किल्ली घेतली, खिशात टाकली आणि म्हणाले, "तुमच्यासारखा चहा मला येत नाही. कॉफी चालेल?" आम्ही उजाडेपर्यंत त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. हिने त्यांना एकदा पुरणपोळी दिली होती, ती त्यांनी केचप लावून खाल्ली होती, ते निघालं. मी हसलो आणि मग जे रडू आलं ते बराच वेळ थांबलं नाही. सकाळी त्यांनीच मला डॉक्टरकडे नेलं. औषधं झाली, समुपदेशकाकडे जाणं झालं. मुलीला मी स्वतः फोन करून खरं सांगितलं. पुढे दर रविवारी आजोबा कुंपणापाशी येऊन एवढंच विचारायचे, "किल्ली हवी?" मी म्हणायचो, "नको." असे आठ महिने गेले. एका रविवारी मी म्हटलं, "चला." त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं आणि किल्ली काढून दिली.

नंतर मी आकडे वाचले. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. आपल्याला बातम्यांत दिसतात ते गोळीबार आणि खून. पण त्यातली २६,३२८ माणसं, म्हणजे निम्म्याहून अधिक, आत्महत्येची होती. जाणकार सांगतात की असा विचार शिगेला पोचलेला असतो तो काळ अनेकदा थोडाच असतो, कधी काही मिनिटांचा. तेवढा टळला तर बहुतेक माणसं पुढे जगतात. पण घरात बंदूक असली तर ती तेवढी मिनिटं मिळू देत नाही. म्हणूनच तपासणी काही मिनिटांत झाल्याचं मला तेव्हा आलेलं हसू आता येत नाही.

तुम्ही म्हणाल, मग हे सगळं कौतुक कशाला सांगितलंत? कारण तेही खरं आहे. दोन थाऊंची ती फट अजून आठवते आणि हात शिवशिवतात. ते मशीन सुंदर होतं. त्यात पट्टी होती, अंगठ्याने ओढायचा घोडा होता, एकेक करून भरायची काडतुसं होती. पावलोपावली थांबायला लावणारं यंत्र होतं ते. पण त्या रात्री त्यातलं काहीही पुरेसं नव्हतं. मला थांबवलं ते शेजारच्या माणसाने.

२०१८ मध्ये परत यायचं ठरलं तेव्हा रिव्हॉल्व्हर आजोबांच्या नावावर केलं, दुकानदारामार्फत, रीतसर. इथे आणायचा विचारही मनात आला नाही. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. पोलिसांची चौकशी झाल्याशिवाय परवाना नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच शस्त्रं, आणि निवडणूक आली की बहुतेकांना ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. परवानाधारक यावर कुरकुर करतात. मी करणार नाही. किल्ली काही दिवस दुसऱ्याकडे असणं काय असतं, ते मी पाहिलंय.

त्या छोट्या मित्राने परवा विचारलं की त्याला नेमबाजी शिकता येईल का. जरूर शीक. एअर पिस्तूल, दहा मीटर, प्रशिक्षकाच्या हाताखाली. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक आणलं, स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला रायफलमध्ये ऑलिंपिकचं कांस्य. चित्त जागेवर ठेवायला शिकवणारा इतका चांगला खेळ दुसरा नाही.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. लिफ्ट बदलली, रंग दोनदा झाला, गेटवर कॅमेरे आले. आता बऱ्याच दारांना आकड्यांची कुलपं लागली आहेत, किल्लीच लागत नाही. चांगली सोय आहे. पण आमच्या मजल्यावर अजून जुनी पद्धत चालू आहे. माझ्या घरी खुंटीवर तीन घरांच्या किल्ल्या आहेत आणि माझी समोरच्या वहिनींकडे आहे. दूध आत घ्यायला, गॅस बंद केला का बघायला, म्हणून ठेवलेल्या. त्या कशासाठी उपयोगी पडतील ते आधी कुणाला माहीत नसतं.

आपल्यापैकी कुणाच्या घरी बंदूक नाही, पण अवघड रात्र कुणाच्याही घरी येऊ शकते. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. लिफ्टशेजारच्या फलकावर तो नंबर लावावा, अशी कार्यकारिणीला विनंती. आणि रात्री दोन वाजता कुणी बेल वाजवली तर दार उघडा. कारण विचारू नका, आधी आत घ्या. कुणाची बेल वाजवावी असा प्रश्न पडला तर बी विंग, तिसरा मजला. माझी झोप तशीही कमी झाली आहे, आणि चहा मला चांगला येतो.